दोन फुटांच्या टाकीतली रेक्टर

११ फेब्रुवारी

आज घरात बारा मासे आले. मला विचारले गेले नाही.

दुपारी नात दारातूनच ओरडत आली, "आजी, डोळे मीट!" मी मिटले नाहीत. बाईमाणसाने डोळे मिटून बसायचे आणि समोर कुणीतरी काहीतरी आणून ठेवायचे, हा प्रकार मला पसंत नाही. तिच्यामागून सूनबाई आली, दोन्ही हातांत काचेची टाकी, धापा टाकत. चौथा मजला, लिफ्ट नाही.

"कुठे ठेवणार हे?"

"तुमच्या खुर्चीशेजारी. दिवसभर तेवढाच विरंगुळा, आई."

जानेवारीत जिन्यावरून पडून खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, तेव्हापासून मी या खुर्चीत आहे. मुलगा जहाजावर. त्याला सुट्टी मिळाली नाही, म्हणून सून आणि नात त्यांचे गाव सोडून माझ्याकडे राहायला आल्या. सून तिकडे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, तिने बिनपगारी रजा घेतली आहे. दोन खोल्यांत तीन बायका. माझी तक्रार नाही. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून माझे आयुष्य गेले. जागा पुरत नसेल तिथे शिस्त पुरते. न्हाणीघराच्या वेळा मी त्या आल्याच्या दुसऱ्याच दिवशी लिहून दारावर लावल्या. सून सगळे पाळते. फक्त तिच्या वेळेत ती आत फार वेळ बसते, आणि पाण्याचा आवाज येत नाही.

बी.एस्सी.ला मी मासा कापला होता. पाळला नव्हता.

१६ फेब्रुवारी

सहा मेले. दोन्ही एंजल, दोन गप्पी, दोन मॉली.

काळजी कमी पडली म्हणावे, तर मी रोज सगळे पाणी बदलून घेतले. गाळणीचा स्पंज नातीला नळाखाली खळखळून धुवायला लावला, पांढरा होईपर्यंत. तरी पाणी ढगाळ, आणि मासे वर येऊन तोंडे उघडमीट करीत होते. आज नातीने फोनवर शोधून मोठ्याने वाचून दाखवले: नव्या टाकीत आधी दोन-तीनच मासे सोडावेत, त्यांची घाण पचवणारे जंतू स्पंजात वाढायला महिनाभर द्यावा, स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये.

"म्हणजे आजी, आपण फार स्वच्छता केली."

फार स्वच्छता! हे दोन शब्द इतक्या वर्षांत एकत्र मी कधी ऐकले नव्हते.

सून ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. रडत असावी. मासे तिनेच आणले होते ना.

२ मार्च

दुकानदाराला फोन करून झापले. दुकान कोपऱ्यावरच आहे, खिडकीतून त्याची पाटी दिसते.

"पहिल्याच दिवशी बारा मासे विकता? दोन फुटांच्या टाकीत?"

"मॅडम, मी सूनबाईंना म्हटलं होतं, चार न्या. त्याच म्हणाल्या, आईंना एकटं वाटायला नको, भरपूर द्या."

"आणि तुम्ही दिलेत."

"गिऱ्हाईक आहे हो मॅडम. नाही कसं म्हणणार?"

सुनेला व्यवहार कळत नाही, हे मी मुलाला लग्नाच्या वेळीच सांगितले होते.

उरलेले सहा आता ठीक आहेत. तीन गप्पी, दोन मॉली आणि एक काळपट, नारिंगी रेघांचा, आला तेव्हा अंगठ्याएवढा होता. हा बाकीच्यांसारखा उगाच इकडेतिकडे फिरत नाही. काचेजवळ येऊन थांबतो आणि बघतो. मी मान वळवली तर तोही वळतो. नातीने त्याचे नाव 'रेक्टर' ठेवले आहे.

"का गं?"

"सगळ्यांवर लक्ष ठेवतो ना, म्हणून."

निरीक्षण बरोबर आहे. मला वाईट वाटले नाही.

२८ मार्च

आठवड्याभरात तीनही गप्पी नाहीशा झाल्या. मेलेल्या दिसल्या नाहीत, नुसत्या नाहीत. मला वाटले, सून रात्री झाकण उघडे ठेवते आणि गच्चीवरचे मांजर येते. मी तिला विचारले. ती म्हणाली, "आई, चौथ्या मजल्यावर खिडकीतून मांजर येऊन, मासा खाऊन, पुन्हा झाकण लावून गेलं?" आजकाल ती उलटे बोलायला लागली आहे.

आज छोट्या मॉलीचे शेपूट रेक्टरच्या तोंडात पाहिले. मॉली सुटली. मी काचेवर हात आपटला, त्याने माझ्याकडे पाहिले. तसूभरही शरम नाही.

पुन्हा फोन.

"तो ना? तो ऑस्कर. स्वभावाने हुशार, मॅडम. माणूस ओळखतो."

"किती मोठा होतो?"

"होतो फूटभर."

"आणि तोंडात मावेल ते खातो?"

"आता मासाच तो."

"मग गप्पींबरोबर का दिलात?"

"तेव्हा लहान होता ना!"

म्हणजे दुकानात मासा केवढा दिसतो त्याला अर्थ नाही. पूर्ण वाढल्यावर केवढा होणार, काय खाणार, कुणाबरोबर राहू शकणार, हे धरून टाकी भरायची. एवढी साधी गोष्ट. वसतिगृहात मी खोल्या अशाच लावत असे: जूनमध्ये आलेली मुलगी कशी दिसते याला अर्थ नसतो, डिसेंबरमध्ये ती कशी होणार ते बघायचे. माणसांचे मला कधी चुकले नाही.

नातीकडून प्लॅस्टिकची जाळी कापून घेतली आणि टाकीच्या मधोमध बसवली. एका बाजूला मॉली, दुसऱ्या बाजूला रेक्टर. प्रत्येकाला एक फूट.

तशीच व्यवस्था बाहेरच्या खोलीतही केली. सूनबाईच्या खाटेपुढे पडदा लावायला सांगितला. ती संध्याकाळी मेण कोरून दात करीत बसते, हाताची सवय मोडू नये म्हणून. टेबलावर ते पिवळट दात पसरलेले मला जेवताना बघवत नाहीत. आता ती पडद्याआड कोरते. नातीला मधे झोपावे लागते, पण लहान मूल कुठेही मावते.

१७ एप्रिल

रेक्टरच्या अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके आले होते. हीटर वाढवला, पाण्यात मीठ घातले, थोडे थोडे पाणी बदलले. आठवडाभर डोळ्यांत तेल घालून बसले. आज ठिपके गेले. खायला घातले तर माझ्या बोटांतून घेतले. बोटाला त्याचे ओठ लागले. थंड, खरबरीत.

या घरात माझी वाट बघणारा तो एकटाच आहे. हे वाक्य लिहून झाल्यावर खोडावेसे वाटले. खोडत नाही. दैनंदिनीत खाडाखोड नको.

सून आणि नात स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात. मला ऐकू येते. काल नात म्हणाली, "आई, रेक्टर आज किती चिडचिड करतेय ना?" सून म्हणाली, "हळू बोल. काचेतून बघत असेल." दोघी खुदखुदल्या.

मासा आजारी आणि यांना हसू येते. शिवाय 'चिडचिड करतेय'. मासा पुल्लिंगी. शाळेत हल्ली व्याकरण शिकवतात की नाही कोण जाणे.

३ मे

सुनेचा फोन चालू होता, न्हाणीघरात. तिच्या वेळेत. म्हणजे त्या वेळात ती तिथे फोन करते. घरात तीन खुर्च्या असताना बादलीवर बसून बोलायचे काय कारण?

लॅबच्या मालकाशी बोलत होती. "महिनाअखेरपर्यंत थांबा ना, सर. जागा भरू नका... हो, कळतं मला, तुम्ही खूप थांबलात... रेक्टर बरी झाली की लगेच निघते."

बाहेर आल्यावर मी म्हटले, "माशाचे कारण कशाला सांगतेस? तो तर ठणठणीत आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो, आई." आणि भाजी चिरायला बसली.

म्हणजे तिला जायचे आहे. जावे. मी कुणाला बांधून ठेवलेले नाही. मला जिना उतरता येत नाही तोवर खालून सामान कोण आणणार, एवढाच प्रश्न आहे. मुलगा ऑगस्टमध्ये येईल, तोवर थांबली असती. पण जागा भरली तर भरली. कवळ्या काय, कुठेही करता येतात.

१२ मे

व्यायाम करून घेणारी मुलगी आज म्हणाली, "आजी, पाय मस्त झालाय. आज एक जिना उतरून बघू या का?"

मी म्हटले, "दुखतो."

"कुठे?"

"आत."

तिने पाय वाकवला, वळवला, दाबला. "इथे? इथे?" मी हो म्हटले. दुखत होते. किती, ते तिने विचारले नाही.

सून चहा घेऊन दारात उभी होती. तिने तो माझ्यापुढे ठेवला, बिस्किटे ठेवली, पडद्याआड गेली. नंतर बराच वेळ दात कोरण्याचा आवाज आला नाही.

खोटे बोलले नाही मी. पण दुपारी घरात कुणी नसताना दार उघडले आणि जिन्यापाशी जाऊन कठडा धरला. खाली पाहिले. चार पायऱ्या उतरले, चार चढले. भीती वाटली असे लिहिणार होते. तसे काही झाले नाही. म्हणूनच परत आले.

१९ मे

रेक्टर आता जवळजवळ वीतभर झाला आहे. एका फुटात त्याला नीट वळता येत नाही. वळायला गेला की शेपूट जाळीवर घासते, तोंड काचेवर. ओठावर जखम झाली आहे. तो आता वळणेच टाळतो. माझ्याकडे तोंड करून दिवसभर एका जागी तरंगत असतो. मला वाटे, त्याला माझा लळा आहे म्हणून.

नात शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आजी, याला मोठी टाकी आणू या?"

"ठेवायची कुठे?"

तिने खोलीभर पाहिले. पडदा, खाट, तिची गुंडाळलेली गादी, माझी खुर्ची, माझा वॉकर. "हं," ती म्हणाली. मग म्हणाली, "रेक्टर बिचारा."

मी म्हटले, "आज बरोबर बोललीस. नाहीतर तुम्ही दोघी नेहमी त्याला 'करतेय', 'बघतेय' म्हणता. मासा तो मासा."

तिचे कान लाल झाले. "हो आजी," म्हणाली आणि उठून गेली. तिच्या आईसारखेच.

मी टाकीकडे बघत बसले होते. चिडचिड करतेय. काचेतून बघत असेल. रेक्टर बरी झाली की.

बरा नव्हे. बरी.

२० मे

काही लिहिण्यासारखे नाही.

२३ मे

तीन दिवस कामापुरतेच बोलले. मला राग आला होता. वसतिगृहात मुली पाठीमागे काय काय म्हणत, ते मला माहीत असे आणि त्याचे काही वाटत नसे. पण त्या मुली जूनमध्ये परत येत.

सुनेला काल विचारले, "न्हाणीघरात एवढा वेळ काय करतेस?"

बोलावे की नाही, असा जरा विचार करून ती म्हणाली, "बसते, आई. नुसती. दार लावता येतं ना त्याला."

मी टाकीतल्या जाळीकडे बघितले.

दुकानदाराला फोन केला. त्याच्याकडे सहा फुटी टाकी आहे, मोठ्या माशांची. "तुमचा ऑस्कर ठेवीन की. आणून द्या."

"तुम्हीच या आणि घेऊन जा."

"चार जिने, मॅडम? माझे गुडघे बघितलेत का? कुणालाही पाठवा की खाली."

सुनेला सांगितले असते तर तिने नेला असता. ती सगळेच नेते.

२४ मे

सकाळी दोघी बाजारात गेल्या. मी झाकणाचा डबा घेतला, टाकीतल्या पाण्याने तो अर्धा भरला आणि जाळे लावले. रेक्टर जाळ्यात आला नाही. तो माझ्या बोटाकडे आला, नेहमीप्रमाणे, खायला मिळेल म्हणून. मग मी बोट जाळ्यात धरले आणि तो बोटापाठोपाठ आत आला. हे मला आवडले नाही. पण दुसरा उपाय नव्हता.

डबा थैलीत, थैली खांद्याला, एका हातात काठी, एक हात कठड्यावर. आधी आजारी पाय, मग बरा पाय. उतरताना हाच क्रम असतो, व्यायामाच्या त्या मुलीने मला कितीदा सांगितले आहे. प्रत्येक मजल्यावर थांबले. डब्यात तो धडका मारत होता. दुसऱ्या मजल्यावर मी त्याला म्हटले, "गप. आलंच." कुणी ऐकले नाही.

रस्त्यावर ऊन फार होते. खिडकीतून हा रस्ता रोज पाहते, पण खालून तो रुंद आहे.

दुकानदार मला बघून उठलाच. "मॅडम, तुम्ही स्वतः? अहो, सूनबाई तर म्हणाल्या, तुम्ही चालत नाही!"

"तुम्ही गुडघ्यांचे बघा."

त्याने डबा मोठ्या टाकीत तरंगत ठेवला, दोन्हींकडचे पाणी सारखे गरम व्हावे म्हणून. आम्ही वाट बघत उभे होतो, तेवढ्यात मागून नातीची किंकाळी आली. "आजी!"

सुनेच्या हातातली पिशवी खाली पडली. बटाटे रस्त्यावर गेले. "आई! तुम्ही खाली कशा आलात?"

"जिन्याने. दुसरा रस्ता आहे का?"

"अहो पण एकट्या? डब्याचं वजन घेऊन? पडला असतात म्हणजे? मला सांगायचं तरी!"

"तुला सांगितलं असतं तर तूच नेला असतास."

"मग नेला असता!"

"हो. आणि मी वर बसून राहिले असते." मला दम लागला होता, म्हणून थोडे थांबून बोलले. "बटाटे उचला आधी. आणि त्या तुझ्या लॅबच्या सरांना फोन कर."

"कशाला?"

"जागा भरू नका म्हणावं. सांग त्यांना, रेक्टर बरी झाली."

'बरी'वर मी जोर दिला नाही. गरज नव्हती. सुनेचा चेहरा आधी लाल झाला, मग कसातरीच. तिने तोंड उघडले, मिटले. "आई, मी तसं... ते आम्ही गमतीत..." आणि तिने माझ्या खांद्यावरची ओली थैली काढून घेतली. तिचा हात तिथेच राहिला. मीही तो झटकला नाही.

नात टाकीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. मग साळसूदपणे म्हणाली, "पण रेक्टर तर हा आहे ना?"

"तो बरा झाला," मी म्हटले. "मी बरी झाले. व्याकरण नीट शिका."

दुकानदार मोठ्याने हसला. त्याला काही कळले नव्हते.

वर चढताना सून मागे होती, मी पडले तर धरायला. तिसऱ्या मजल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला कधीपासून येत होतं, आई?" मी म्हटले, "चढताना बोलवत नाही मला." ते खरे होते. तिने पुन्हा विचारले नाही.

३१ मे

आज दुपारच्या गाडीने गेल्या. नातीने मॉलींची जबाबदारी माझ्यावर सोपवली आणि वर सूचना दिल्या: जाळी काढून टाक, स्पंज नळाखाली धुवायचा नाही, आणि आजी, नवीन मासे एकदम आणायचे नाहीत. सून वाकून नमस्कार करायला आली, तिला मी म्हटले, "पडदा घेऊन जा, चांगला कपडा आहे." ती म्हणाली, "राहू दे, आई. येऊ ना आम्ही, तेव्हा लागेल." मग हसून म्हणाली, "की काढून टाकू?"

"काढ," मी म्हटले.

न्हाणीघराच्या दारावरचा कागद तसाच आहे. आता सगळ्या वेळा माझ्याच.

९ जून

टाकी मॉलींना फार मोठी वाटते. दोन फुटांत दोघी कोपऱ्यात एकमेकींना चिकटून असतात. दुकानदार म्हणतो आणखी आठ घ्या, मी चार घेणार आहे. पण दोन-दोन करून, दोन महिन्यांत. संध्याकाळी सुनेचा फोन आला. लॅबमध्ये काम साचले आहे, रोज उशीर होतो. आवाज मोकळा होता, न्हाणीघरातून आल्यासारखा दबका नव्हता. पुढच्या महिन्यात चार दिवस येऊ का म्हणाली. मी म्हटले, "विचारायचं काय त्यात? जागा आहे." नंतर लक्षात आले, हे वाक्य मी तिला याआधी कधी म्हटले नव्हते.

त्याआधी खाली गेले होते. सामान होतेच आणायचे. दुकानात रेक्टर टाकीच्या मागच्या बाजूला होता, दोन मोठ्या माशांच्या मधे. मी काचेपाशी बराच वेळ उभी राहिले. बोट दाखवले नाही. त्याने मला ओळखले की नाही, सांगता येत नाही. तो काचेजवळ आला नाही. एका दमात वळला मात्र, पूर्ण, शेपूट कुठेही न घासता.